पुलाचे कापड आणि आपले यंत्रमाग

अमेरिकेच्या मेन विद्यापीठात १९९६ पासून कंपोझिटवर, म्हणजे धागा आणि रेझिन यांच्या मिलाफातून बनणाऱ्या पदार्थांवर संशोधन चालू आहे. तेथे निघालेल्या पूल बांधण्याच्या पद्धतीची माहिती आपल्या विणकर बांधवांनी जरूर घ्यावी, कारण त्या पुलाची सुरुवात धाग्यांच्या विणीपासून होते. कार्बन फायबरच्या धाग्यांची गोफासारखी विणलेली पोकळ नळी घेतात, हवा भरून तिला कमानीचा आकार देतात आणि तिच्यात रेझिन मुरवतात. काही तासांत ती कडक होते. मोजकी माणसे ती उचलून नेतात. जागेवर बसवल्यावर आत काँक्रीट ओततात. कमानीत लोखंडी सळी नाही, म्हणून गंज नाही. पिट्सफिल्ड गावी २००८ साली अशा २३ कमानींचा पूल झाला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने सळ्या सडतात. खारी हवा लोखंडाचे काय करते, हे आपल्या कोकणवासी बांधवांना सांगायला नको.

या विद्येत विणकामाचा हिस्सा मोठा आहे. काचेचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला कांजीचे सायझिंग देतात. कापड उतरल्यावर ती कांजी भट्टीत जाळून काढतात आणि रेझिन धरेल असा दुसरा लेप चढवतात. साध्या विणीत ताणा-बाणा पावलोपावली वाकतो आणि वाकला की त्याची ताकद घटते. साटीनमध्ये वाकणे कमी, म्हणून ते कापड मोटारीच्या वळणदार साच्यावर सुरकुती न पडता बसते. पवनचक्कीच्या पात्यांसाठी तर धागे सरळ ठेवून नुसते टाचतात. साधी वीण आणि साटीन यांतला फरक भिवंडी-मालेगावच्या मोमीन-अन्सारी कारीगरांच्या बोटांना ठाऊक आहे. इंजिनियरला तो पुस्तकातून शिकावा लागतो.

मात्र कोणी उद्याच जुन्या मागावर कार्बनचा बीम चढवू नये. धोट्याच्या मागावर तो धागा घासून तुटतो, त्याला फेरबदल केलेला रॅपियर लागतो. कार्बनच्या पुडीतून वीज वाहते, ती मोटारीत शिरली तर शॉर्टसर्किट होते. काचेच्या तुसाने अंग खाजते. शिवाय तपासणीच्या दाखल्याशिवाय असा माल कोणी हातात घेत नाही.

खरी अडचण आपल्या धंद्याच्या रीतीत आहे. व्यापारी सूत देतो, मागवाला पिकावर मजुरी घेतो, ग्रेचा भाव पडला की दोघेही बसून राहतात. यात नवे कापड शिकण्याचा खर्च कोणी करायचा? २०२० साली केंद्र सरकारने तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचे अभियान मंजूर केले. असा पैसा मोठ्या गिरण्यांकडेच वळत असेल, तर अर्ज न करणाऱ्याने कोणाला बोल लावावा? एका मागवाल्याला हे झेपणार नाही. पण पाच-सात जणांनी शिर्कतीत एक रॅपियर घ्यावा. व्याजाच्या कर्जाला हात न लावता धंदा करण्याची ही वाट आपल्या दीनने दाखवलेलीच आहे. पॉलिटेक्निक झालेला घरचा एखादा मुलगा त्यावर बसवावा. आधी काचेचे कापड, कार्बनचे पुढे पाहू.

अहमदाबादच्या अटिरा संस्थेत कंपोझिटचे केंद्र आहे. भिवंडीहून रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी पोहोचता येते. जाताना आपल्या मागावरच्या साटीनचा एक तुकडा सोबत न्यावा आणि अशी वीण काचेच्या धाग्यात उतरवायला काय लागेल, हे तिथे समोरासमोर विचारावे.