चौपट परतफेड

राखेच्या बुधवारी कपाळी लागणारी राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. उपवासकाळ असा सुरू होतो, आणि आपण लगेच विचारतो, यंदा काय सोडायचे, मटण की चहा?

जक्कयाने काय सोडले ते पाहावे. यरीहोचा हा मुख्य जकातदार, श्रीमंत, पण ठेंगणा, म्हणून येशूला पाहायला उंबरावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा लोक कुरकुरले. जक्कयाने मात्र उभे राहून अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ केली. ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन म्हणाला. लूकच्या 19व्या अध्यायात त्याच्या अश्रूंचा उल्लेखही नाही, आकडे तेवढे आहेत. मला हा पश्चात्ताप फार खरा वाटतो.

मत्तयाच्या 25व्या अध्यायातला न्यायदिनही असाच रोखठोक. डावीकडे उभे केलेल्यांवर चोरीचा, खुनाचा आरोप नाही. भुकेल्याला वाढले नाही, तुरुंगातल्याला भेटले नाहीत, एवढाच ठपका. हे वाचताना भीती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. हल्ली प्रवचनांत आपण कृपेबद्दल भरभरून बोलतो, न्यायाबद्दल चाचरत. पण देव न्याय करणारच नसेल, तर जक्कयाने नाडलेल्यांनी दाद मागायची कुणाकडे?

पापनिवेदन करून आलेल्याच्या सातबाऱ्यावर भावाच्या वाट्याची जमीन तशीच राहिली असेल, तर उपवासाचे हे 40 दिवस त्याने आधी त्या कामी लावावेत. मटणाचे नंतर बघू.