शेजारणीची परीक्षा मी दिली!

मैत्रिणींनो, आज तुम्हांला माझीच एक चूक सांगायची आहे.

आमच्या शेजारच्या वहिनी 'आशा' आहेत. हे त्यांचं नाव नव्हे हं, काम! बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, अंग गार पडलं नाही ना, बाळ दूध नीट ओढतंय ना, ते पाहायचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 42 दिवसांत सहा फेऱ्या ठरलेल्या : 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी.

त्यांचं काही शिक्षण आता मोबाइलवरही येतं. 2020 साली करोनाच्या दिवसांत केंद्र सरकारच्या 'दीक्षा'वर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असेच पाठ ठेवले होते.

परवा संध्याकाळी पाठ लावून वहिनी पोळ्या लाटत होत्या. हात पिठात. म्हणाल्या, "ताई, तेवढी उत्तरं दाबता का?" मी पडले बी.ए.! पैकीच्या पैकी गुण मिळवले. प्रमाणपत्र त्यांच्या नावावर! दोघी हसलो.

रात्री मात्र मला झोप येईना. एक प्रश्न होता : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला किती झाला की धोका? साठ किंवा जास्त. मी दाबलं खरं, पण उद्या बाळापाशी जायचं वहिनींना!

सकाळी त्यांना हे बोलून दाखवलं. त्या मला एका तान्ह्या बाळाकडे घेऊन गेल्या. बाळ शांत असताना, पोटाची हालचाल पाहत, घड्याळ लावून पुरतं एक मिनिट मोजायचं. जास्त भरलं तर पुन्हा मोजायचं. माझी मोजणी दोनदा चुकली! मोबाइलवरचा पाठ पुन्हा पुन्हा पाहता येतो, हा त्याचा गुण. पण हात बसतो तो बाळापाशीच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिकवलेलं मुरलं, तर एवढं घडतं!

तेव्हा तुमच्या घरात कुणी परिचारिका किंवा आशा असेल, तर पाठाच्या वेळी तिला अर्धा तास मोकळा द्या. "मोबाइल घेऊन बसली" असं म्हणू नका. आणि उत्तरं तिलाच देऊ द्या.

आता पाठ असला की पोळ्या मी लाटते. वहिनींच्या यजमानांनीही कुकर लावायला शिकायला घेतलंय, बरं का!