प्लास्टिकवरचा नंबर आणि शेवटचा हात

बंदूक म्हणजे लोखंड, हा समज आता सोडला पाहिजे. अमेरिकेत प्लास्टिकचे सुटे भाग मागवून घरातच पिस्तूल जोडण्याचा धंदा इतका माजला की २०२२ साली सरकारला नियम करावा लागला. सुट्या संचांना कायद्याच्या कक्षेत आणणारी त्यातली तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरली.

नंबर किमान ०.००३ इंच खोल हवा. प्लास्टिकवर लेसरने तो चटकन उमटतो, आणि कानशीने तितक्याच चटकन जातो. धातूवर ठोकलेला नंबर घासला, तरी खालचा धातू दबलेला राहतो. आम्ल लावून तो पुष्कळदा वाचता येतो. प्लास्टिकमध्ये ही सोय फारशी नाही. म्हणून तर घरगुती प्लास्टिक बंदुकीचा नंबर आत कायमच्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर मागतात.

आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार आवाज दाबणारे साधनही ‘अग्निशस्त्र’च आहे. (हे कित्येक वकिलांनाही ठाऊक नसते!) खूण नसलेले अग्निशस्त्र विकण्यास कलम ८ ने मनाई आहे. ठीक. पण तेच कलम पुढे म्हणते की, असे शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच खूण पुसली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावे. गावठी कट्ट्यावर मुळात नंबर असतो कुठे? कोर्टात आम्ही पाहतो तो शेवटचा हात वस्तीतल्या पोराचा. बनवणारा आणि पुरवणारा आरोपपत्रात ‘फरार’. प्लास्टिकवरचा नंबर तर सहज जाणारा. हे गृहीतक तपासा, अशी मागणी केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आत्ताच गेली पाहिजे.