गोळी संपल्यानंतरचे आरोग्य

गावात शिबिर भरते. आदल्या दिवशी आशाताई घरोघरी निरोप देऊन येतात. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजला जातो, बोटाला टोचून शुगर पाहिली जाते. नोंद ऑनलाइन चढते, तालुक्याचा आकडा वाढतो आणि रुग्णाच्या हाती महिनाभराच्या गोळ्या पडतात. त्या संपल्या की काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. काही दुखत-खुपत नसते, आरोग्य केंद्र दूर असते आणि तिथे जायचे तर दिवसाचा रोज बुडतो. गोळी सुटते. पुढे त्या घरातला कमावता माणूस अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो, तेव्हा शेत गहाण टाकून शहरातले रुग्णालय गाठले जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह, तर ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या लोकांचे आजार रुग्णालयांच्या इमारती वाढवून आटोक्यात यायचे नाहीत. हे आजार जन्मभर सांभाळावे लागतात आणि ते सांभाळणारी माणसे रुग्णाच्या गावातच असावी लागतात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, ते गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. क्षय आणि कुष्ठरोगाचे दीर्घ उपचार त्या भागात तडीस गेले, कारण औषधाची आठवण करणारी बाई शेजारच्याच आळीत राहत होती. अलीकडचा दाखलाही आपल्याकडचाच आहे. २०१७ च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. कोणती गोळी आधी, कोणती नंतर, हे ठरवून दिलेले. साठा खंडू द्यायचा नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, न आलेल्या रुग्णाचा माग काढायचा. मोठ्या रुग्णालयांपेक्षा घराजवळच्या छोट्या केंद्रांत रक्तदाब आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण जास्त निघाले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाचा गौरव केला. वाट सापडलेली आहे. तिच्यावरून नेटाने चालणे तेवढे होत नाही.

याचे कारण आपण काय मोजतो, यात आहे. किती जणांची तपासणी झाली, हा आकडा आढावा बैठकीत पहिल्यांदा विचारला जातो. गेल्या वर्षी नोंदलेल्यांपैकी आज किती जण गोळी घेत आहेत, किती जणांचा रक्तदाब काबूत आहे, हा प्रश्न तितक्याच धारेने विचारला, तर उपकेंद्रातला गोळ्यांचा तुटवडा दडून राहणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची आठवणही मग होईल. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून निघालेली ही माणसे चार-पाच महिने फडावर असतात. त्यांचा केसपेपर मात्र गावातच राहतो. निघतानाच त्यांना पुरेशा गोळ्या मिळाव्यात आणि कारखान्याजवळच्या केंद्रात त्यांची नोंद उघडावी, यात अशक्य असे काहीच नाही.

या साऱ्याचा भार ज्या आशाताईंवर आहे, त्यांच्या मिळकतीचा काही भाग अजून कामागणिक मोबदल्यावर अवलंबून आहे. हक्काचे मानधन वेळेवर मिळावे म्हणून त्यांना वारंवार मुंबईपर्यंत यावे लागते, ही राज्याला शोभणारी गोष्ट नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरच्या खर्चाचा दोन तृतीयांश वा त्याहून अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे म्हटले होते. त्या वाट्यातून आधी दोन गोष्टी व्हाव्यात: आशांना ठरलेल्या तारखेला निश्चित वेतन, आणि प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांचा किमान तीन महिन्यांचा साठा. येत्या अर्थसंकल्पात आरोग्यमंत्र्यांनी या दोन्हींसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे सभागृहात सांगावे.