'होता' आणि 'हॅड'

आपल्या सीमाभागातील मराठी शाळांच्या इंग्रजी उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास दोन वाक्ये वारंवार भेटतात. पहिले असे : 'येस्टरडे आय हॅड गॉन टु कोल्हापूर.' दुसरे असे : 'ही सेड दॅट आय गेव्ह द मनी.' पहिल्या वाक्यात 'हॅड' नको होता, तेथे तो आला आहे. दुसऱ्यात तो हवा होता, तेथे तो नाही. शिक्षक दोन्ही वाक्यांवर तांबडी रेघ ओढतात, अर्धा गुण जातो आणि पुढल्या परीक्षेत तीच वाक्ये पुन्हा अवतरतात. याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. हा दोष आळसाचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम आपली भाषा काय करते ते पाहू. कोणी आपणांस पैसे दिल्याचे सांगितले, तर ती हकीकत आपण अशी कथन करतो : 'तो म्हणाला की, मी पैसे दिले.' म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे उचलून ठेवतो. काळ बदलत नाही आणि 'मी' देखील बदलत नाही. निपाणी-बेळगावकडची बोली तर 'पैसे दिलो म्हणून सांगितला' असे म्हणून मोकळी होते. शेजारची कन्नड भाषाही हेच करते : 'नानु दुड्डु कोट्टे अंत हेळिद.' मराठीतील 'म्हणून', कन्नडमधील 'अंत' आणि संस्कृतातील 'इति' ही एकाच कामाची माणसे होत. दुसऱ्याचे बोल न मोडता पोहोचविणे हे ते काम. तेव्हा आपल्या मुलाला घरात, बाजारात आणि शाळेत एकच वळण लागलेले असते. इंग्रजी या बाबतीत त्याला दुहेरी परकी वाटते, यात नवल ते काय?

इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथे सांगणारा मनुष्य आपली जागा सोडीत नाही. जे घडले ते सारे तो आज, स्वतःच्या जागी उभा राहून मोजतो. 'सेड' हा भूतकाळ झाला. त्याच्याही आधी पैसे दिले गेले. म्हणून तो आणखी एक पायरी मागे जातो आणि म्हणतो : 'ही सेड दॅट ही हॅड पेड.' विचार दाखविणाऱ्या क्रियापदांचेही तसेच. निपाणीच्या एस. टी. स्थानकावर धावत आलेल्या माणसाच्या मनात तीनपैकी कोणताही विचार येऊ शकतो. 'मला वाटले, गाडी गेली' याचे इंग्रजी 'आय थॉट द बस हॅड लेफ्ट'. 'मला वाटले, गाडी निघते आहे' याचे 'आय थॉट द बस वॉज लीव्हिंग'. आणि 'मला वाटले, गाडी निघेल' याचे 'आय थॉट द बस वुड लीव्ह'. आधी, त्याच वेळी आणि नंतर हे तीनही संबंध मराठी मुलाला उत्तम समजतात. तो ते वाटण्याच्या क्षणापासून मोजतो आणि इंग्रज ते सांगण्याच्या क्षणापासून मोजतो, इतकाच भेद आहे. आपली भाषा यात तसूभरही उणी नाही.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. 'मी काल कोल्हापूरला गेलो होतो' हे निर्दोष मराठी आहे. जाऊन परत आलो, ती गोष्ट संपली, एवढे ते 'होतो' सांगते. इंग्रजी 'हॅड' मात्र एकट्याने उभा राहत नाही. भूतकाळातील दुसरी एखादी घटना त्याला सोबतीला लागते. ती नसेल तर 'आय वेंट टु कोल्हापूर येस्टरडे' हेच बरोबर. हा घोटाळा होण्याचे एक कारण नावात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्या थोर पुरुषाचे ऋण मोठेच आहे. परंतु इंग्रजी साच्यात मराठी रूपे बसविण्याची जी सवय पुढे शाळांतून पडली, तिच्यामुळे 'पूर्ण भूतकाळ' हे एकच लेबल दोन निराळ्या वस्तूंवर चिकटले. आणि 'होता म्हणजे हॅड' हे समीकरण मुलांनी पाढ्यासारखे पाठ केले.

कोणी म्हणेल, एवढ्याशा 'हॅड'ने काय बिघडते? पुष्कळ बिघडते. वर दिलेले 'ही सेड दॅट आय गेव्ह द मनी' हे वाक्य इंग्रज वाचकाला असे सांगते की, पैसे त्याने नव्हे, मी दिले! 'ही सेड दॅट ही पेड द रेंट' असे लिहिले तर 'मी भाडे भरले' असे तो म्हणाला, की 'मी भाडे भरत असतो' असे म्हणाला, हे कळत नाही. 'हॅड पेड' म्हटले की देणे फिटले. 'वुड पे' म्हटले की ते अजून शिल्लक आहे. आपल्या जिल्ह्यात एकाचे बोलणे मराठीत, दुसऱ्याचे कन्नडमध्ये आणि अर्ज इंग्रजीत, असा प्रसंग अनेकांवर येतो. तंबाखूच्या हिशेबात, जमिनीच्या कागदात किंवा साक्षीच्या जबानीत, कोण काय म्हणाला आणि ते त्यापूर्वी घडले होते की नाही, यावर माणसाचा हक्क अवलंबून असतो. तेथे अर्धा गुण जात नाही. कधी कधी अर्धे शेत जाते.

याचा अर्थ जेथे तेथे 'हॅड' पेरावा असा मात्र नव्हे. 'आजोबा म्हणाले, बेळगाव मुंबई राज्यात होते' हे वाक्य घ्या. येथे 'वॉज' लिहिले तर आजोबा बोलत होते तेव्हाही ते मुंबई राज्यातच होते, असा समज होऊ शकतो. म्हणून 'हॅड बीन' योग्य. परंतु 'इन १९५५' असा सन घातला की 'वॉज'नेही भागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, हे वाचकाला माहीत असते. सनच पहारा करतो. तसेच 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे गुरुजी म्हणाले' यात 'फिरते' हे वर्तमानातच ठेवता येते. कारण ते आजही खरे आहे. आणि एक ठिकाण असे आहे की, तेथे दोन्ही भाषा हातात हात घालतात. 'मला वाटले होते, तू येशील' या वाक्यातली हळहळ 'आय हॅड थॉट यू वुड कम' यात जशीच्या तशी उतरते. येथे 'होते' आणि 'हॅड' खरेच सख्खे आहेत.

मग उपाय कोणता? 'अवतरणचिन्हे काढा, दॅट घाला, काळ एक पायरी मागे न्या' ही यांत्रिक कवाईत कमी करावी. तिच्या जागी विद्यार्थ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत : बोलण्याचा वा वाटण्याचा क्षण कोणता? आणि सांगितलेली गोष्ट त्याच्या आधीची, त्याच वेळची की नंतरची? उत्तर सापडले की रूप आपोआप सापडते. शिक्षकांनीही फळ्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी ही तीन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत. तीन भाषा कानावर पडणे हे आपल्या मुलांचे ओझे मानले जाते. ते त्यांचे भांडवल ठरेल.

बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविले, मराठी कथेला नवे वैभव दिले आणि कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. कन्नड मुलखात राहून त्यांनी दोन भाषांचा संसार केला. पण एकीचा दागिना दुसरीच्या अंगावर घातला नाही. विद्यार्थिमित्रहो, हाच विवेक आपणही अंगी बाणवावा. मराठीत 'तो म्हणाला की, मी पैसे दिले' असे निःशंकपणे म्हणावे; इंग्रजीत 'ही सेड दॅट ही हॅड पेड' असे तितक्याच निःशंकपणे लिहावे; आणि दुसऱ्याचे बोलणे कोणत्याही भाषेत पोहोचविताना त्याचा अर्थ आपल्या हातून सांडणार नाही, याची काळजी घ्यावी.