बर्फाची सहल : गाडी तासाभरात पोहोचते, शरीराला दिवस लागतात

सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की काश्मीर, मनाली, सिक्कीमच्या सहलींची चौकशी सुरू होते. वर्षभर बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेल्या मुलांना तो हातात घेऊन खेळायचा असतो. आता तिथवर जाणे सोपेही झाले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीतून रोहतांगची खिंड न ओलांडता लाहौलमध्ये उतरता येते. गुलमर्गचा रोपवे तर पर्यटकांना काही मिनिटांत अफरवतच्या उतारावर, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. प्रवास झटपट झाला, पण उंचीशी जुळवून घेण्याचा शरीराचा वेग मात्र पूर्वीचाच आहे. बर्फातील बऱ्याच दुखण्यांचे मूळ या तफावतीत आहे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे. ४,००० मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के उरतो. त्यामुळे २,५०० मीटरच्या वर गेल्यानंतर काही तासांत डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो. ‘प्रवासाने पित्त झाले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही फुप्फुसात वा मेंदूत सूज आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला ताबडतोब खाली आणणे हाच मुख्य उपचार. तरुण आणि धडधाकट माणसालाही हा त्रास होतो. व्यायामाची सवय त्यापासून वाचवत नाही.

दुसरा धोका ओलेपणाचा. सोलापुरी चादर आपल्याकडच्या थंडीला उत्तम. पण सुती कापड भिजले की ऊब धरत नाही, उलट अंगातली उष्णता ओढून घेते. बर्फात जीन्स, सुती बनियन आणि सुती मोजे नकोत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन-तीन थर आणि त्यावर पाणी न शिरणारे जाकीट हवे. भाड्याचे कोट आणि गमबूट आतून कोरडे आहेत का, हे पाहूनच घ्यावेत. मूल खूप थरथरू लागले, जीभ जड झाली किंवा ते गप्प बसून पेंगू लागले, तर खेळ थांबवून त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे बदलावेत. बधिर आणि पांढरी पडलेली बोटे चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत काखेत धरून ऊब द्यावी. ‘थंडीवर उपाय’ म्हणून घेतलेल्या मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला गरम वाटते, पण शरीर आणखी वेगाने थंड होते.

थंडीत उन्हाचा विसर पडतो. ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. त्याने चेहरा भाजतो, काही तासांनी डोळे लाल होऊन वाळू गेल्यासारखे खुपतात. गडद, बाजूनेही झाकणारा आणि अतिनील किरण रोखणारा चष्मा मुलांनाही हवा.

स्कीइंगमध्ये गुडघा, मनगट आणि अंगठ्याच्या दुखापती नेहमीच्या. पहिल्यांदा स्की पायाला बांधणाऱ्याने प्रशिक्षकाकडून आधी थांबायचे आणि पडायचे कसे ते शिकावे, मग उतारावर जावे. हेल्मेट सर्वांना आवश्यक. टायरच्या ट्यूबवरून घसरताना खाली दगड, झाड किंवा रस्ता नाही ना, हे मोठ्यांनी आधी पाहावे.

हिमस्खलनापुढे मात्र कपडे आणि हेल्मेट फारसे कामी येत नाहीत. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमकडा कोसळून सात पर्यटक मरण पावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतच असताना पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असे तेथील पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. गुलमर्गमध्येही फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला. गाडलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. म्हणून ‘थोडे पुढे जाऊन फोटो काढू’ हा आग्रह ड्रायव्हरकडे धरू नये.

हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. उंचीवरच्या त्रासासाठीची गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवावे. अतिथंडीत साखर मोजण्याचे यंत्रही चुकू शकते.

सहल ठरवताना हॉटेल आणि जेवणाची चौकशी बारकाईने होते. त्यात आणखी दोन प्रश्न घालावेत : पहिल्या रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे आणि वर जाण्यापूर्वी विश्रांतीचा एक दिवस आहे का? ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. तो पाळताना यादीतले एखादे ठिकाण सुटेल, पण घरची सगळी माणसे सुखरूप सोलापूरला परततील.