शिट्टी हातात घेणाऱ्या पोरांच्या पाठीशी कोण?

कोल्हापुरात पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडले की गल्लीगल्लीत खेळाडूंची नावं गाजतात. पंचाची आठवण होते ती शिव्या घालताना. मग पंच व्हायला पोरं येणार कुठून?

फुटबॉलचे नियम 17. ते पाठ करून परीक्षा देता येते. खरी कसोटी नंतरची. शाळकरी सामन्यात सोळा-सतरा वर्षांचा पंच ऑफसाइड देतो आणि रेषेबाहेरून कुणाचे तरी वडील ओरडतात, "डोळे घरी ठेवून आलास काय रे?" पोराची मान खाली जाते, पुढची शिट्टी उशिरा वाजते. मध्यंतरात त्याला बाजूला घेऊन 'निर्णय बरोबर होता, फक्त उभा चुकीच्या जागी होतास' असं सांगणारा जाणता पंच तिथे हवा. प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

पंचांचा मान राखा, अशी नुसती आवाहनं इंग्लंडने केली नाहीत. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला 90 मिनिटांच्या सामन्यात 10 मिनिटं बाहेर बसवायचं, असा प्रयोग 31 लीगमध्ये झाला. हुज्जत 38 टक्क्यांनी घटली, आणि 2019-20च्या हंगामात तळच्या फुटबॉलमध्ये हा नियम आला.

आणि पंच होऊन कुठवर पोचता येतं? गोव्याच्या उवेना फर्नांडिस भारताकडून खेळल्या, नंतर पंच झाल्या आणि 2016मध्ये जॉर्डनला मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकात सहायक पंच होत्या. हे किती शाळांत सांगितलं जातं?

स्पर्धा भरवणाऱ्यांनी यंदा एवढं तरी करावं: नवख्या पंचासोबत अनुभवी पंच द्यावा, मानधन त्याच संध्याकाळी हातात ठेवावं आणि ओरडणाऱ्या पालकाला मैदानाबाहेर काढावं.